ओठ न लावता

विश्वंभर मास्तर सेलूच्या शाळेत चित्रकला शिकवायचे
आणि सुट्टीच्या दिवशी पोटातून बोलायचे.
मी साउंडवाला. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर,
सुतळीनं बांधलेला माईक.
आवाज नेमका कुठून येतो, हे लोक मलाच विचारायचे,
जसं काही त्यांच्या घशाला वायर मीच जोडली होती.

बाहुला सागाचा. डोकं मानवतच्या सुतारानं कोरलेलं,
जबड्याला सायकलच्या ब्रेकची तार.
नाव किसन्या.
किसन्याच का, मी विचारलं, जिंतूरच्या स्टँडवर चहा पिताना.
"म्हणून बघ. कुठं ओठ लागतात?"
लागत नाहीत.
"आता माझं नाव घे."
घेतलं. व, परत व, मग म, मग भ,
वाऱ्यानं दार आपटत राहावं तसं.
म्हणून किसन्या त्यांना नुसतं "ए सर" म्हणायचा.

तेव्हापासून मला नादच लागला.
एसटीत बसलो की शब्द वाजवून बघायचो,
खोटं नाणं बघतात तसे.
नांदेड जमतं, परभणी जमत नाही.
साखर जमते. भाकर नाही, भूक नाही.
तहान म्हणता येते, पाणी म्हणता येत नाही,
टँकर मात्र सरळ येतो.
मास्तर अडलेल्या जागी दुसरं अक्षर सरकवायचे,
प-च्या जागी त, म-च्या जागी न,
आणि किसन्याची मान अशी काही वळवायचे
की ऐकणाऱ्याचा कानच दुरुस्ती करून घ्यायचा.
"लोक चांगले असतात रे," म्हणायचे,
"आपण चुकलो तरी ते बरोबर ऐकतात."

एका शब्दाची मात्र त्यांनी कधी अशी अदलाबदल केली नाही.
किसन्या रडायला लागला की पुस्तकातल्यासारखं "आई गं" करायचा.
आमच्या भागात कोण म्हणतं आई?
मास्तरांच्या घरी माय. माझ्या घरी अम्मा.
दोन्हींत ओठ मिटावेच लागतात.

त्यांची माय, सोजरबाई. मास्तर पाळण्यात असताना
तापात तिचे दोन्ही कान गेले.
ती ओठ वाचायची. चुलीपलीकडून, अंगणातून,
कुजबुजलात तरी.
म्हणून त्या घरात सगळे तोंड भरून, सावकाश बोलायचे,
आणि त्याच घरातला हा माणूस
ओठ न हलवता बोलायला शिकला.
का, ते मी विचारलं नाही.
साउंडवाल्यानं सगळंच विचारू नये.

मग एकदा झरीला, त्यांच्याच गावात, गॅदरिंग.
म्हातारी पहिल्या रांगेत, लोखंडी खुर्चीवर, पाय वर घेऊन.
तिनं हा खेळ कधी बघितलेला नव्हता.
मास्तर त्या रात्री दोनदा अडखळले,
कुणाला कळलं नसेल, माझ्या काट्याला कळलं.
पोरं हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती.
ती हसली नाही.
लेकाच्या तोंडाकडे तिनं एकदाच बघितलं,
कुलूप लावलेल्या कपाटाकडे बघावं तसं,
आणि मग पाऊण तास, पापणी न हलवता,
किसन्याकडे.

खेळ संपला. मी वायर गुंडाळत होतो,
कोपर, पंजा, कोपर, पंजा.
ती कुणाच्या तरी खांद्याला धरून वर आली.
किसन्याच्या जबड्याला बोट लावलं.
उघडला, मिटला. उघडला, मिटला.
"काय झालंय रे ह्या लेकराला?"
बहिरी माणसं बोलतात तसल्या मोठ्या आवाजात म्हणाली,
"आल्यापासून नुसतं माय माय माय माय करायलतं."

मास्तर खाली वाकले.
तिच्या तोंडासमोर तोंड नेलं
आणि काहीतरी बोलले, आवाज न काढता,
नुसत्या ओठांनी.
बराच वेळ.

मला काही वाचता आलं नाही.
मी भोंगे टेंपोत चढवले.